तुमच्यासारखं न दिसणारं मूल घरी येताना

कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. त्याच्या पोर्टलवर नाव नोंदवताना मूल कोणत्या राज्यातलं चालेल, हे विचारलं जातं. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून अनेक मराठी जोडपी महाराष्ट्राबाहेरची राज्यंही निवडतात. मग काही वर्षं वाट पाहिल्यावर एक दिवस मोबाइलवर संदेश येतो. मुलाचा फोटो, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल समोर असतात. मूल राखून ठेवायचं की नाही, हे ४८ तासांत ठरवायचं असतं. फोटोतलं बाळ ओडिशातल्या कोरापुटचं असेल, झारखंडमधल्या दुमक्याचं असेल किंवा आसाममधल्या एखाद्या जिल्ह्यातलं. त्याचा रंग, डोळे, केस तुमच्या घरातल्या कुणासारखेच नसतील.

त्या ४८ तासांत डोळे भरून येतात, अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवायचे असतात, रजा आणि तिकिटं बघायची असतात. या मुलाला आपल्या घरात, आपल्या गल्लीत, आपल्या नात्यागोत्यात कसं वाटेल, हा विचार त्या धांदलीत नीट होत नाही. त्यासाठी आधीची सगळी वर्षं हाताशी असतात, आणि बहुतेक जोडपी ती नुसती वाट बघण्यात घालवतात. होऊ घातलेल्या आईवडिलांशी बोलताना मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

नोंदणीनंतरच्या गृहभेटीला आलेल्या सामाजिक कार्यकर्तीने रंगरूपाबद्दल विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं, "आम्हाला काही फरक पडत नाही." ते अगदी मनापासून आलेलं असतं. पण फरक मुलाला पडणार आहे. बसमध्ये, बागेत, दवाखान्याच्या बाकावर लोक आधी आईकडे बघतात, मग मुलाकडे, मग पुन्हा आईकडे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ही नजर कळते. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनीही गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांमधली वंशावरून केलेली फारकत बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रयोगाची दखल घेतली. रंगाबद्दल घरात कुणी बोललं नाही, तरी मूल बाहेरून शिकतच असतं. घरातून काहीच ऐकू आलं नाही, तर बाहेरचं तेवढंच त्याच्याजवळ उरतं.

म्हणून पहिलं काम दोघांचं. वेगवेगळे बसा आणि कागदावर लिहून काढा. आपल्यापेक्षा खूप गडद रंगाचं मूल कडेवर घेऊन मी माहेरच्या लग्नात आनंदाने फिरेन का? "हे तुमचंच का?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा आला तर मी चिडेन, लाजेन, की शांतपणे उत्तर देईन? सासूबाई मुलाला जवळ घेत नाहीत असं दिसलं तर मी काय करेन? लिहून झालं की कागद एकमेकांना दाखवा. दोघांपैकी एकाच्या मनात अडखळ असेल, तर ती सामाजिक कार्यकर्तीला सांगा. पसंती बदलणं किंवा आणखी सहा महिने थांबणं यात कसलाही कमीपणा नाही. घरी आणून परत पाठवलेलं मूल दुसऱ्यांदा सगळं गमावतं. तो घाव तुमच्या संकोचापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आजी-आजोबा, आत्या, शेजारी

नातेवाइकांना बाळ आल्यावर सांगू, असं म्हणू नका. आजी-आजोबांना नोंदणीच्या वेळीच सांगा, आणि मूल वेगळं दिसू शकेल हेही तेव्हाच सांगा. त्यांना प्रश्न विचारू द्या. "कुणाचं असेल?", "जात कोणती असेल?", "पुढे लग्न कसं जमणार?" हे प्रश्न येतातच, आणि ते बाळ मांडीवर असताना येण्यापेक्षा आधी आलेले बरे. काराच्या प्रक्रियेत जात बघून मूल निवडता येत नाही, हे स्पष्ट सांगा. आजोबा वाचणारे असतील तर त्यांना जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची आठवण करून द्या. त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई गेल्या. जातीच्या पलीकडे जाऊन मूल आपलं करणारं घर दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातच होतं.

वडीलधाऱ्यांशी बोलताना एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. मुलाच्या रंगाबद्दल, नाकाडोळ्यांबद्दल त्याच्यासमोर बोलायचं नाही, कौतुकानेही नाही. "काळी असली तरी गोड आहे" यातलं "असली तरी" मुलीला बरोबर ऐकू जातं. आपल्या घरांत रंगाबद्दलचं बोलणं इतकं मुरलेलं आहे, की ते बोलणं आहे हेच लक्षात येत नाही. उन्हात खेळू नको, काळी होशील. बेसन-हळद लाव, उजळशील. हा रंग तुला खुलत नाही, तू सावळी आहेस. लग्नाच्या स्थळात आधी गोरेपणा. मूल यायच्या आधी महिनाभर आपल्याच घरातलं बोलणं कान देऊन ऐका. त्वचा उजळण्याचा दावा करणारी क्रीम कपाटातून काढा, आणि फोटो काढताना चेहरा गोरा करणारा मोबाइलमधला फिल्टर बंद करा. बाळाला तेल लावा, उटणं लावा, पण कशासाठी लावता ते नीट सांगा. त्वचा मऊ राहावी म्हणून. खेळण्यांत गडद रंगाच्या, बारीक डोळ्यांच्या बाहुल्या असू द्या. चित्रांच्या पुस्तकांत निरनिराळे चेहरे असू द्या. घराच्या भिंतीवर, टीव्हीवर, पाहुण्यांत मुलाला आपल्यासारखा चेहरा कुठेतरी दिसला पाहिजे.

रस्त्यावरच्या प्रश्नांसाठी दोन-तीन वाक्यं तोंडपाठ ठेवा. अनोळखी माणसाने "कोणावर गेलाय?" विचारलं तर "स्वतःवर" एवढं पुरतं. "दत्तक आहे का?" याला "हो, आमचा मुलगा आहे" म्हणून पुढे चालू लागा. कुणी "फार पुण्याचं काम केलंत" म्हणालं, तर लगेच आणि मुलाला ऐकू जाईल असं म्हणा, "आम्हाला मूल हवं होतं." उपकाराची भाषा मूल लहानपणी ऐकतं आणि मोठेपणी तिच्या ओझ्याखाली राग, दुःख काहीच बोलून दाखवू शकत नाही.

मोठी झालेली मुलं काय सांगतात

वेगळ्या वंशाचं मूल वाढवण्याचा दीर्घ अनुभव अमेरिका आणि युरोपकडे आहे, आणि त्यातला बराचसा वेदनेतून आलेला आहे. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत दक्षिण कोरियातून दीड-दोन लाख मुलं परदेशी, मुख्यतः गोऱ्या कुटुंबांत गेली. भारतातूनही स्वीडन, अमेरिका आणि इतर देशांत मुलं गेली. तेव्हाच्या आईवडिलांना सल्ला मिळे की मूल आपलंच समजा, फरक विसरा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सामाजिक कार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७२ मध्येच कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या घरांत देण्याला जाहीर विरोध केला होता. त्यामागे एक भीती होती. वर्णभेदाच्या समाजात कसं जगायचं हे या आईवडिलांना स्वतःला ठाऊक नाही, मग ते मुलाला काय शिकवणार? त्या विरोधाशी सहमत नसलेल्यांनीही पुढे हा प्रश्न गंभीरपणे घेतला. तेव्हा अशा घरांत वाढलेली मुलं आता मोठी माणसं आहेत. त्यांनी लिहिलेल्या आणि सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घरात प्रेम भरपूर होतं, पण शाळेत कुणी डोळे ताणून चिडवलं तर घरी सांगता येत नव्हतं, कारण घरात "आम्हाला तुझा रंग दिसतच नाही" असं म्हणत.

आपल्याकडे वेगळ्या चेहऱ्यावर काय वेळ येऊ शकते, हे २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत दिसलं. अरुणाचलच्या नीडो तानिया या तरुणाला केसांवरून आणि दिसण्यावरून चिडवलं गेलं, मारहाण झाली आणि त्यात तो गेला. त्यानंतर केंद्र सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणींसाठी बेझबरुआ समिती नेमली. पुण्या-मुंबईच्या वर्गांतही "चिंकी", "नेपाळी", "काळू" ही टोपणनावं सर्रास चालतात. मूल रडत घरी आलं तर "दुर्लक्ष कर", "ते गंमत करतात" असं म्हणू नका. आधी ऐका. "असं बोलणं चूक आहे, तुझ्यात काही चूक नाही" हे सांगा, आणि पुढचं काम स्वतः अंगावर घ्या. वर्गशिक्षिकेला भेटा, टोपणनाव बंद करायला सांगा, ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या.

शाळेशी पहिलं बोलणं जूनमध्येच करा. दोन गृहपाठ हमखास अडचणीचे ठरतात. एक वंशवृक्ष, दुसरा "जन्माच्या वेळचा फोटो आणा". शिक्षिकेला आधी सांगितलं, तर वंशवृक्षाऐवजी "माझ्या घरातली माणसं" आणि जन्माच्या फोटोऐवजी "माझा लहानपणीचा फोटो" असं सहज करता येतं, आणि त्याचा फायदा वर्गातल्या इतरही मुलांना होतो. पण शिक्षिकेला सगळी कहाणी सांगू नका. मूल कुठे सापडलं, जन्मदात्रीची परिस्थिती काय होती, हे मुलाचं खाजगी आहे. सोसायटीतल्या मैत्रिणीला आज विश्वासाने सांगितलेली गोष्ट दहा वर्षांनी तिच्या मुलाकडून तुमच्या मुलाला कळावी, असं होऊ देऊ नका.

बाळ नसेल, मोठं मूल असेल तर

पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं मूल असेल, तर कायद्याने त्याचीही संमती लागते. अशा मुलाची भाषा तुमची नसते. ओडियात पाण्याला पाणीच म्हणतात, पण संथाळीत दाक्. घरी आलेल्या मुलाला तहान लागली, शू लागली, पोट दुखतंय, भीती वाटते, हे सांगता आलं नाही, तर ते एकतर गप्प होतं किंवा वस्तू फेकतं, आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे. तेव्हा प्रवासाला निघण्याआधी त्या भाषेतले वीस-पंचवीस शब्द शिका. मूल जिथे राहतं, त्या संस्थेतल्या ज्या मावशी त्याला झोपवतात, त्यांना विनंती करून अंगाई किंवा चार वाक्यं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. मूल काय खातं, कशावर झोपतं, अंधाराला घाबरतं का, केस कोण विंचरतं, हे अहवालात नसतं, मावशींना माहीत असतं. येताना त्याची वापरातली चादर किंवा फ्रॉक न धुता आणा. त्या वासाने पहिल्या रात्री थोड्या सोप्या जातात. त्याच्या मित्रमैत्रिणींचे आणि मावशींचे फोटो मागा. मिळाले तर घरी दिसतील असे ठेवा.

जेवण एकदम बदलू नका. पातळ भाताची किंवा ओडिशातल्या पखाळासारख्या आंबवलेल्या भाताची सवय असलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पोळी-भाजी आणि वरणात गूळ दिला तर ते जेवणार नाही. नावाचंही तसंच. तान्ह्याचं नाव ठेवा, बारसं थाटात करा. पण चार वर्षांच्या मुलीला तिचं नाव ही आधीच्या आयुष्यातली एकुलती एक स्वतःची गोष्ट असू शकते. ते बदलू नये, फार तर त्याच्या जोडीला दुसरं द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मराठी ती शिकेलच, काही महिन्यांत फडाफडा बोलायला लागेल. पण तिची पहिली भाषा पुसली जाऊ नये म्हणून गाणी, एखादी शेजारीण, फोनवरच्या मावशी, जे जमेल ते चालू ठेवा.

शरीराच्या काही गोष्टी

मध्य आणि पूर्व भारताच्या अनेक आदिवासी भागांत, तसंच आपल्याकडे गडचिरोली आणि नंदुरबारमध्ये, सिकलसेल आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्राने २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. मुलाच्या आईवडिलांचा वैद्यकीय इतिहास बहुधा मिळत नाही, म्हणून हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी कोणत्या वयात करायची हे बालरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा. जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेबद्दलही विचारा. ती असेल तर काही औषधं टाळावी लागतात, आणि कपाटातल्या डांबराच्या गोळ्यासुद्धा. त्या गोळ्यांच्या वासात ठेवलेले कपडे अशा बाळाला घातले तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. बाळाच्या कमरेखाली निळसर डाग दिसला तर घाबरू नका आणि संस्थेवर संशयही घेऊ नका. आशियाई बाळांत तो अगदी नेहमीचा आहे आणि बहुतेकदा काही वर्षांत फिका होतो. त्याची नोंद मात्र पहिल्या तपासणीतच करून घ्या.

सापडलेल्या मुलाची जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते. शाळेत वर्ष पुढेमागे करावं लागलं तर संकोच नको. मुलींच्या आईवडिलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींच्या अभ्यासात पाळी लवकर सुरू होण्याचं प्रमाण ठळक दिसलं. कुपोषणानंतर एकदम भरभर झालेली वाढ हे त्याचं संभाव्य कारण मानलं जातं. तुमच्या मुलीचं तसंच होईल असं नाही, पण आठव्या-नवव्या वर्षी तिच्याशी बोलायला सुरुवात केलेली असावी.

दाट कुरळे केस असतील तर जावळ काढल्याने ते सरळ होतील या आशेने पुन्हा पुन्हा डोकं भादरू नका. तसं होत नाही, आणि मुलाला मात्र आपले केस वाईट आहेत एवढं कळतं. ओलसर केसांत तेल किंवा कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत या. हे शिकायला महिनाभर लागतो. शिकून घ्या.

कुठून आलो, हा प्रश्न

दत्तक असल्याचं मुलाला पहिल्यापासून सांगायचं असतं, हे आता बहुतेकांना मान्य आहे. त्यात गावाचा, जिल्ह्याचा, प्रवासाचाही भाग असू द्या. तुझा जन्म ओडिशात झाला, आम्ही आगगाडीने आलो, बाहेर पाऊस होता. जन्मदात्रीबद्दल बोलताना "टाकून दिलं" हे शब्द कधीच नकोत, आणि न कळलेल्या गोष्टी रंगवून सांगणंही नको. मूल रेल्वे स्थानकावर सापडलं असेल तर त्याचा समाज, जमात कुणालाच ठाऊक नसते. चेहऱ्यावरून ती ठरवू नका आणि त्याला एखाद्या जमातीचा पोशाख घालून स्नेहसंमेलनात उभं करू नका. जे माहीत आहे तेवढ्याशी नातं जोडा. पुण्या-मुंबईत ओडिया, आसामी, मणिपुरी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे सणाला जाणं, त्यांना घरी बोलावणं, त्यांच्या मुलांशी खेळू देणं हे वर्षभर चालणारं असावं. आपल्यासारखा दिसणारा डॉक्टर, शिक्षिका, खेळाडू मुलाला प्रत्यक्ष भेटला तर त्याचा उपयोग मोठा.

कागद जपा. बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, दत्तक आदेश आणि संस्थेशी झालेला पत्रव्यवहार. २०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. अठरा पूर्ण झाल्यावर मुलाला स्वतःहून मूळ शोधासाठी अर्ज करता येतो, त्याआधी तुमच्यासोबत. कोरियात २०२५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने जुन्या दत्तकांच्या कागदपत्रांतल्या खोटेपणाबद्दल शासनाला जबाबदार धरलं. तोवर हजारो माणसं आपलं नाव शोधत म्हातारी व्हायला आली होती. तुमच्याकडचा कागद संशयास्पद वाटला तर आत्ताच प्रश्न विचारा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी थोडं वेगळं. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आणि १९९६ च्या दुरुस्तीने, सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना वंशावरून दत्तक नाकारता येत नाही, त्यामुळे मराठी घरात कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो मूल येऊ शकतं. तिथे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्या मुलाकडे कोण कसं बघेल, हे आधी ताडून पाहा. मोदकाच्या पंगतीत ते एकटं पडणार असेल, तर दोन कुटुंबांशी आधीच बोलून ठेवा. कृष्णवर्णीय मुलग्याला पोलिसांसमोर कसं वागायचं हे तिथल्या कृष्णवर्णीय घरांत लवकर शिकवतात. तुम्हाला ते शिकवता येणार नाही, ज्यांना येतं त्यांच्याशी मैत्री हवी. भारतातून मूल नेणाऱ्यांनी त्याच्या नागरिकत्वाचे कागद पहिल्या वर्षीच पूर्ण करून हातात घ्यावेत. लहानपणी दत्तक गेलेल्यांना मोठेपणी अमेरिकेतून हद्दपार करण्याच्या घटना घडल्या आहेत.

भारतात दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. मूल जेवतं का, झोपतं का, वजन किती, यावर ती संपते. रंगरूप, नातेवाईक, शाळेतली टोपणनावं हे विषय तुम्हीच काढा, कारण अहवालाच्या नमुन्यात त्यांना फारशी जागा नसते. दोन वर्षांनी भेटी थांबतात, आणि मुलाचे खरे प्रश्न नवव्या-दहाव्या वर्षी आणि मग किशोरवयात येतात. दत्तक विषय जाणणारा समुपदेशक तेव्हा शोधत बसू नका. पुण्यातलं भारतीय समाज सेवा केंद्र, सोफोशचं श्रीवत्स, मुंबईतला बाल आशा ट्रस्ट यांसारख्या जुन्या संस्थांकडे चौकशी करून नाव-नंबर आत्ताच लिहून ठेवा, आणि मूल यायच्या आधी दोघं एकदा जाऊन भेटून या.